उपाशी ठेवली म्हणजे शेळी खाईल का?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांनी प्रशिक्षण घेऊन, कर्ज काढून वीस उस्मानाबादी शेळ्यांचा बंदिस्त गोठा उभा केला. प्रशिक्षणात मिळालेल्या आहाराच्या तक्त्याप्रमाणे ज्वारीच्या कडब्याची कुट्टी, मक्याचा भरडा, सरकी पेंड असं सगळं त्या गव्हाणीत घालतात. शेळ्या हुंगतात, ओठांनी भरडा तेवढा वेचतात, कुट्टी खाली सांडतात, तुडवतात आणि मग तिला तोंडच लावत नाहीत. सासूबाई दुपारी चारला त्यांना सोडून माळावर नेतात आणि त्या पोटं टम्म करून परत येतात. सासूबाई म्हणतात, "जनावराला आपलं कळतं." ताईंना हे पटत नाही, कारण मागच्या महिन्यात एका शेळीने दावं तोडून मक्याचं पोतं फोडलं, भरपेट मका खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी ती दगावली. शेळीपालन करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं आहे की माळ बंद करा, दोन दिवस उपाशी ठेवा, मग गुपचूप कुट्टी खातील. पाच शेळ्या गाभण आहेत, त्यातल्या दोन महिन्याभरात व्यायच्या आहेत. ताई विचारतात: उपाशी ठेवू, की गोठा मोडून पुन्हा माळावरच सोडू?

ताई, नमस्कार.

गाभण शेळ्यांचं आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. त्या पाच जणींना उपाशी ठेवू नका. दोन दिवस तर नाहीच, एक दिवसही नाही. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. त्यातल्या शेवटच्या ५० दिवसांत पोटातलं करडू सगळ्यात जास्त वाढतं, आणि उस्मानाबादीला जुळी होणं नेहमीचंच. करडांना सतत ग्लुकोज लागतं आणि आईचं खाणं थांबलं तरी ती ते ओढतच राहतात. मग आईच्या अंगची चरबी वितळून यकृताकडे लोंढ्याने जाते, यकृताला ती पेलत नाही, रक्तात कीटोन नावाची चरबीपासून होणारी द्रव्यं साठतात. कीटोन वाढले की असलेली भूकही मरते. डॉक्टर याला प्रेग्नन्सी टॉक्सेमिया म्हणतात. अशी शेळी कळपापासून बाजूला उभी राहते, मान टाकते, दात खाते, चालताना झोकांड्या देते आणि एकदा बसली की उठवणं फार अवघड जातं. दोन दिवसांच्या 'धड्या'त आई आणि दोन करडं अशी तिन्ही जाऊ शकतात. तुम्हाला सल्ला देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल, पण हा सल्ला पाळू नका.

आता मूळ प्रश्न. तुमच्या पत्रात एक गृहीत आहे आणि ते तुमचं एकटीचं नाही. प्रशिक्षण घेऊन आलेल्या कितीतरी जणांच्या बोलण्यात मी ते ऐकते. शेळी खात नाही म्हणजे ती चोचले करते, माळाची चटक लागली आहे, आणि भुकेने तिचं डोकं ठिकाणावर येईल. यात भूक म्हणजे फक्त रिकामं पोट, असं धरलेलं असतं. भूक ठरते मेंदूत. पोट, यकृत, अंगची चरबी, जीभ, नाक आणि अंगाची उष्णता या सगळ्यांकडून मेंदूला निरोप येत असतात आणि त्यावरून मेंदू ठरवतो, आता खायचं की थांबायचं आणि काय खायचं.

हे समजायला माणसांना वेळ लागला, आणि त्यात आपल्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. बाळकृष्ण आनंद १९५१ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर काम करत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंचा एक ठरावीक कोपरा त्यांनी उंदरांमध्ये निकामी केला, तर समोर अन्न असूनही उंदीर खाईनात, उपासमारीने मेले. पोटात काही बिघाड नव्हता, तोंडाला इजा नव्हती, खाण्याची ओढच गेली होती. हेच आनंद पुढे दिल्लीत आले आणि एम्सचा शरीरक्रियाशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. त्याच दशकात स्वीडनमध्ये स्टॉकहोमला बेंग्ट अँडरसन यांनी चक्क शेळ्यांवर काम केलं. हायपोथॅलॅमसमध्ये खारट पाण्याचे अगदी थोडे थेंब सोडले की शेळी तहानेने पाण्यावर तुटून पडे. १९६१ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी लार्सन यांनी दाखवलं की हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग थंड केला की शेळी खायला लागते आणि कोमट केला की खाणं सोडून पाण्याकडे वळते. भुकेचं एक बटण आणि तृप्तीचं दुसरं, इतकं सोपं ते नाही, हे पुढे कळत गेलं. हायपोथॅलॅमसमध्येच भूक वाढवणाऱ्या आणि भूक आवरणाऱ्या पेशींचे वेगळे गट आहेत, चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक त्यांच्यावर वचक ठेवतं. पण मुख्य गोष्ट टिकली आहे: खाणं थांबवणारा निर्णय वर होतो, खालून आलेल्या निरोपांवर.

मग तुमच्या कुट्टीबद्दल शेळीच्या मेंदूला काय निरोप जातो ते बघू.

रवंथ करणाऱ्या जनावराचा चारा आधी कोटीपोट या मोठ्या पोटात साठतो आणि जिवाणूंकडून कुजवला जातो. त्या कोटीपोटाच्या भिंतीत ताण ओळखणारी टोकं असतात. पोट ताणलं की व्हेगस या मज्जातंतूतून खबर मेंदूच्या देठापर्यंत जाते आणि खाणं थांबतं. ज्वारीचा कडबा तंतुमय, सावकाश कुजणारा. तो बारीक होऊन पुढे सरकेपर्यंत जागा अडवून बसतो. त्यात प्रथिनं फार थोडी, साधारण तीन-चार टक्के. कोटीपोटातल्या जिवाणूंना नीट काम करायला एकूण खाद्यात निदान सहा-सात टक्के प्रथिनं लागतात. ती नसली की जिवाणू मंदावतात, कडबा आणखी रेंगाळतो, आणि मेंदूला 'पोट भरलंय' हाच निरोप जात राहतो. अंगाला मात्र मिळालेलं काहीच नसतं. तुम्ही सरकी पेंड देता, ती या कमतरतेवरचाच उपाय आहे. पण शेळ्या भरडा आणि पेंड वेचून घेतात. दांडगी शेळी दोघींच्या वाट्याची पेंड खाते आणि बुजरीच्या वाट्याला नुसता कडबा राहतो. तिने तो नाकारला तर तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

दुसरा निरोप चवीतून जातो, आणि इथे सासूबाईंचं म्हणणं पुष्कळ खरं ठरतं. अमेरिकेत युटा स्टेट विद्यापीठाच्या फ्रेड प्रोव्हेन्झा यांनी शेळ्यांना ब्लॅकब्रश नावाच्या झुडपांत चरायला सोडलं होतं. प्रयोगशाळेच्या हिशोबाने त्या झुडपाची नवी कोवळी पालवी जास्त पोषक होती, तरी शेळ्या ती सोडून जुन्या फांद्या खात. तक्ता म्हणतो ते खा, शेळी म्हणते नको. तपासलं तर नव्या पालवीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर होतं. पहिल्यांदा खाल्ल्यावर आतून मळमळ झाली होती आणि त्या चवीशी ती मळमळ मेंदूत जोडली गेली होती. त्याच प्रयोगात एका कळपाने रानउंदरांची काटक्यांची घरं खायला सुरुवात केली. बघणाऱ्याला वेडेपणा वाटावा असं. पण उंदरांच्या मूत्राने भिजलेल्या त्या काटक्यांत नत्र होतं, झुडपांत नव्हतं, आणि त्या कळपाचं वजन इतरांपेक्षा कमी घटलं.

याच्या उलटही होतं, आणि तुमच्या कामाचं ते जास्त आहे. व्हियाल्बा आणि प्रोव्हेन्झा यांनी कोकरांना गव्हाचा भुसा खायला दिला, एक दिवस एका वासाचा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वासाचा. एका वासाच्या भुशाबरोबर नळीने थेट कोटीपोटात स्टार्च सोडला, जिभेला न लागता. काही दिवसांनी दोन्ही भुसे समोर ठेवले तर कोकरं स्टार्चच्या दिवसाचाच भुसा पसंत करत होती. भुसा दोन्हीकडे सारखाच. म्हणजे आवड तोंडात तयार झाली नाही, पोटातून आलेल्या चांगल्या निरोपाने झाली. तुमची कुट्टीही शेळ्यांना आवडू शकते, ताई. तिच्यापाठोपाठ पोटात काही चांगलं घडलं पाहिजे, एवढंच. उपाशी शेळीने नाइलाजाने नुसती कुट्टी खाल्ली तर तसं काही घडत नाही. शिवाय उपासात कोटीपोटातले जिवाणू घटलेले असतात, त्यामुळे ती कुट्टी आणखीच जड जाते. आणि भुकेल्या जनावराची निवड सुटते. एरवी हुंगून सोडलं असतं तेही ते खातं. दोन दिवस उपाशी शेळी चुकून सुटली आणि कोवळ्या ज्वारीत शिरली तर किरळ लागून, म्हणजे त्या कोवळ्या ताटांतल्या विषाने, मरू शकते.

आता त्या गेलेल्या शेळीबद्दल. तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे, कारण 'जनावराला कळतं' या म्हणण्याची हद्द तिथे दिसते. मेंदू निरोपांवर चालतो, आणि निरोप वेळेत आला तरच तो उपयोगी पडतो. मका चवीला गोड, जड, घासागणिक भरपूर ऊर्जा देणारा. पहिले निरोप सगळे चांगलेच जातात. कोटीपोट ताणायच्या आत शेळीने घातक एवढा मका गिळलेला असतो. पुढच्या काही तासांत त्या स्टार्चचं लॅक्टिक आम्ल होतं, कोटीपोट आंबतं, जिवाणू मरतात, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. 'थांब' हा निरोप येतो तेव्हा जेवण कधीच संपलेलं असतं. माळावर फिरणाऱ्या शेळीच्या पूर्वजांना दाण्यांचा ढीग कधी भेटला नाही. पाल्यावर, शेंगांवर, गवतावर घासाघासाने पोट भरायचं, त्या वेगाला हा मेंदू घडलेला आहे. तेव्हा तुमची शेळी मूर्ख नव्हती आणि सासूबाईही खोट्या नाहीत. माळावर त्यांचं म्हणणं खरं आहे, पोत्यापाशी नाही. पोतं तुमच्याच हाती. धान्याची खोली कडी-कुलपात ठेवा, दावं किती मजबूत आहे यावर विसंबू नका. मोठ्या शेळीला दिवसाला भरडा-पेंड मिळून २०० ते २५० ग्रॅम खुराक पुरतो, तोही दोन वेळांत विभागून. पुन्हा कधी अशी चोरी झाली तर शेळी चांगली दिसत असली तरी थांबू नका, त्याच तासाला डॉक्टरांना बोलवा.

मिठाची गोष्ट वेगळी, तिथे जनावरावर बऱ्यापैकी विश्वास टाकता येतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला डेरेक डेंटन यांनी मेंढ्यांची लाळ बाहेर काढून घेतली. लाळेबरोबर अंगातलं सोडियम जात होतं आणि मेंढ्या जेवढं गेलं जवळपास तेवढंच सोडियमचं पाणी पिऊन भरून काढत. म्हणून मिठाची चाटण वीट टांगून ठेवा, शेळी लागेल तेवढं चाटेल. इतर खनिजांची ओढ इतकी नेमकी नसते, तेव्हा खनिज मिश्रण मात्र मोजून खुराकातच घाला.

आता गोठ्यात काय बदलायचं. शेळी गाईसारखी खाली मान घालून खाणारी नाही. ती झुडपांचे शेंडे खुडते, मागच्या पायांवर उभी राहून बोरीची फांदी ओढते, लवचिक वरच्या ओठाने काट्यांतून पान तेवढं काढते. जमिनीलगतच्या गव्हाणीत ओतलेली कुट्टी तिच्या दृष्टीने पडलेलं, तुडवलेलं खाणं आहे, आणि लेंड्या-मूत्राचा वास लागलेलं ती खाणार नाही. गव्हाण तिच्या छातीच्या उंचीला घ्या, वर फक्त डोकं आत जाईल एवढीच फट ठेवा, म्हणजे पाय आत पडणार नाहीत. शेवरी, सुबाभूळ, हादगा, बोर, बाभळीचा पाला यांच्या जुड्या तोंडाच्या उंचीला टांगा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, त्यातलं मिमोसिन जास्त झालं तर केस गळतात, गलगंड होतो. बांधावर शेवरी आणि हादगा आत्ताच लावून टाका, येत्या वर्षी तुमचा पेंडीचा खर्च तिथेच वाचेल.

कुट्टी एकदम ओतू नका. थोडं पाणी शिंपडून ओलसर करा, भरडा आणि पेंड तिच्यात नीट कालवा म्हणजे वेचता येणार नाही, आणि सकाळी पहिल्यांदा तीच द्या. रात्रीची साधी, रोजची भूक पुरेशी असते. पहिल्या दिवशी मूठ-मूठभर, मग दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवत न्या. शेळी नवं खाणं आधी चाखून थांबते, पोटातून काय निरोप येतो याची वाट बघते. त्या काळात तिला काही दुखलं तर ती दोष नव्या खाण्यालाच देते. म्हणून एका वेळी एकच नवी गोष्ट, आणि जंताचं औषध दिल्याच्या दिवशी नवा चारा नको. वेळा ठरलेल्या ठेवा. मेंढ्यांमध्ये असं दिसलं आहे की ठरलेल्या वेळी खाणं येत असेल तर त्याआधीच रक्तात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक चढतं, शरीर तयार होऊन बसतं. आज सातला, उद्या दहाला असं झालं तर ती तयारी फुकट जाते. शिळी कुट्टी झाडून गाई-म्हशीला टाका, तिच्यावरच नवी ओतू नका. शेवटी थोडी उष्टी राहिली तर वाईट वाटून घेऊ नका, रोज गव्हाण चाटून साफ होत असेल तर शेळ्यांना कमी पडतंय असं समजा.

उन्हाळ्यात तुमच्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. अँडरसन यांच्या शेळ्या आठवा, मेंदूचा तो भाग तापला की खाणं बंद. दुपारी एकला टाकलेला चारा तशीही कोणी खाणार नाही. मोठा वाटा पहाटे आणि दिवस मावळल्यावर द्या, दुपारी सावली आणि गार पाणी.

करडांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांपासून आईशेजारी गव्हाणीत तोंड घालू द्या. आई जे खाते ते पिल्लाच्या मेंदूत 'हे खाण्यासारखं' म्हणून बसतं. ऑस्ट्रेलियात कोकरांना आईबरोबर थोडेच दिवस गहू दाखवला होता, तर त्या मेंढ्यांनी तीन वर्षांनंतरही तो ओळखला आणि खाल्ला. तुमच्या बाजारातून आणलेल्या शेळ्यांनी कुट्टी लहानपणी पाहिलीच नसेल. मोठ्यापणी शिकायला त्यांना वेळ लागतोय. तुमच्या गोठ्यात जन्मलेल्या करडांचं तसं होणार नाही, हे पुढच्या वर्षीच तुम्हाला दिसेल.

राहिला माळाचा प्रश्न. गोठा मोडू नका आणि माळही बंद करू नका. कर्ज काढून केलं म्हणून ते शंभर टक्के बंदिस्तच चाललं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. अर्धबंदिस्त पद्धत तुमच्या भागात चांगली चालते: सकाळी गोठ्यात कुट्टी आणि खुराक, दुपारी तीन-चार तास माळ, रात्री टांगलेला पाला. माळावर शेळी एका फेरीत कितीतरी जातींचं थोडं थोडं खाते. प्रत्येकाचा दोष सौम्य राहतो, प्रत्येकाचा गुण मिळतो. ते वैविध्य तुम्हाला कुठल्याही गोणीत विकत मिळणार नाही. आठवड्यातून एकदा तुम्ही सासूबाईंबरोबर जा. कुठल्या महिन्यात कुठल्या झुडपावर शेळ्या थांबतात आणि कुठलं सोडून जातात, हे त्यांना विचारून वहीत लिहा. त्यांच्याकडे चाळीस-पन्नास पावसाळ्यांची माहिती असेल. तुमच्याकडे तक्ता आहे, वजनकाटा आहे, दोन्ही लागतात. ज्या झुडपावर शेळ्या आवर्जून थांबतात त्याच्या फांद्या तोडून आणून गोठ्यात टांगा आणि फरक बघा. विण्याच्या बेतात असलेल्या दोघींना मात्र लांब नेऊ नका, त्यांना गोठ्यातच पाला आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा चारा द्या, करडांनी जागा अडवल्यामुळे त्यांच्या कोटीपोटात एका वेळी फार मावत नाही.

चोचले आणि आजार यांत फरक कसा करायचा, हेही तुम्हाला लागेल. संध्याकाळी शेळीच्या मागे उभ्या राहून डाव्या कुशीची खळगी बघा. भरलेली असेल, रवंथ चालू असेल, लेंड्या घट्ट असतील, तर तिने काही नाकारलं तरी घाबरू नका, चारा बदलून बघा. खळगी आत गेलेली, रवंथ थांबलेला, कान पडलेले आणि आवडीचा पालाही नको, तर ती आजारी आहे. ताप आला की शरीराची रोगाशी झुंजणारी रसायनंच मेंदूतली भूक दाबतात. तेव्हा चारा बदलून उपयोग नाही. गाभण शेळीने एक वेळ जरी पूर्ण तोंड फिरवलं तरी दुसऱ्या वेळेची वाट न बघता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरतं पथक मागवा. तुमच्या त्या दोघींच्या बाबतीत, व्याईपर्यंत, हे रोज सकाळ-संध्याकाळ बघा.